ज्यू शाळा हवी, म्हणजे नेमकं काय हवं?

ठाण्यात शाळाप्रवेशाचा हंगाम सुरू झाला की आमच्या बेने इस्राएल घरांत एक जुना प्रश्न नव्याने निघतो. "आपल्या मुलांसाठी आपली ज्यू शाळा का नाही?" सिनेगॉगच्या आवारात निघतो, व्हॉट्सॲप ग्रुपवर निघतो, मलिद्याचं ताट फिरून झालं की निघतो. कुणीतरी न्यूयॉर्कच्या किंवा लंडनच्या ज्यू शाळेचा व्हिडिओ टाकतं. पाच वर्षांची मुलं डोक्यावर किप्पा घालून घडाघडा हिब्रू वाचतायत. खाली बदामांची रांग. आणि मग कुणीतरी लिहितं, "आपण मात्र मुलांसाठी काहीच केलं नाही."

माझं मत आधीच सांगून टाकते, म्हणजे शेवटपर्यंत वाचायचं की नाही ते तुम्हाला ठरवता येईल. ठाणे-मुंबईत आज नवी ज्यू डे स्कूल काढणं शक्य नाही. शक्य असतं तरी मी माझ्या मुलांना डोळे झाकून तिथे घातलं नसतं. पण त्या प्रश्नामागची भूक खरी आहे. तिला "आपली संख्या कमी, काय करणार" असं म्हणून गप्प बसवणं मला पटत नाही. आपल्याला शिक्षक हवाय, आणि तो आपल्या आवाक्यात आहे.

या पेजवर बिगर-ज्यू ठाणेकर मित्रही बरेच आहेत. त्यांच्यासाठी एवढंच, की हा विषय तुम्हालाही परका नाही. मराठी शाळा की इंग्रजी, कॉन्व्हेंट की आपल्या समाजाच्या ट्रस्टची शाळा, हा घोळ तुमच्याही घरी चालतोच. आमच्याकडे फक्त माणसं कमी असल्यामुळे तो जरा उघडा दिसतो.

आधी ज्यू डे स्कूल म्हणजे काय ते नीट पाहू. कारण व्हिडिओत दोन मिनिटं दिसतात, शाळा दिवसभर असते.

डे स्कूल हा शब्द अमेरिकेतला. आठवड्यातून एकदा सिनेगॉगमध्ये भरते ती संडे स्कूल, आणि रोजची पूर्ण शाळा ती डे स्कूल. दिवसाचा एक भाग हिब्रू, तोरा, प्रार्थना, पुढच्या वर्गांत तालमूद. दुसरा भाग इंग्रजी, गणित, विज्ञान, इतिहास. म्हणजे एका दिवसात दोन शाळा. दिवस लांब, दप्तर जड. २०१८-१९ च्या मोजणीनुसार अमेरिकेत अशा ९०६ शाळा होत्या आणि त्यांत सुमारे २ लाख ९२ हजार मुलं शिकत होती. आकडा मोठा वाटतो, पण ही सगळी मुलं एकाच प्रकारच्या शाळेत नाहीत. बहुसंख्य मुलं ऑर्थोडॉक्स शाळांत आहेत, त्यांतलाही मोठा वाटा अतिकर्मठ पंथांच्या शाळांचा. मुलगे-मुली एकत्र शिकतात, विज्ञान जोरात चालतं, मुलं मोठ्या विद्यापीठांत जातात, अशाही ज्यू शाळा आहेत. आणि मुलांना इंग्रजी-गणित धड शिकवलंच जात नाही अशी तक्रार वर्षानुवर्षं होत राहिली, अशाही आहेत. त्या तक्रारींनंतर २०२२ मध्ये न्यूयॉर्क राज्याला नियम करावे लागले, की खासगी आणि धार्मिक शाळांतलं सर्वसाधारण शिक्षणही सरकारी शाळेच्या तोडीचं असलं पाहिजे. या तक्रारी करण्यात अशाच शाळांतून शिकून बाहेर पडलेली मुलं पुढे होती, हे लक्षात ठेवायला हवं. "ज्यू शाळा" एवढं नाव ऐकून आत काय चाललंय ते कळत नाही. कुठल्याच समाजाच्या शाळेचं कळत नाही.

मग फी. अमेरिकेत सरकार धार्मिक शाळा थेट चालवत नाही, त्यामुळे बहुतांश भार पालकांवर आणि देणगीदारांवर. न्यूयॉर्कच्या आसपास एका मुलाची वर्षाची फी हजारो डॉलरमध्ये, बऱ्याच ठिकाणी वीस-तीस हजारांच्याही वर जाते. तीन मुलं असली की आई-बाप दोघं कमावून दमतात. तिथल्या ज्यू समाजात यावर सतत वाद चालू असतो. आपल्याला व्हिडिओत किप्पा दिसतो, फीची पावती दिसत नाही.

आणि फाटक. मार्च २०१२ मध्ये फ्रान्सच्या तुलूझ शहरात एका ज्यू शाळेच्या दारात बंदूकधाऱ्याने एक शिक्षक आणि तीन मुलांना मारलं. युरोपातल्या बऱ्याच ज्यू शाळांपुढे आज पहारा असतो, उंच कुंपण असतं. २००८ मध्ये कुलाब्याच्या नरिमन हाऊसमध्ये काय झालं ते आपण जवळून पाहिलंय, तेव्हा हे वेगळं समजावून सांगायला नको. पालक शाळा निवडतात तेव्हा ही भीतीही दप्तराबरोबर रोज पाठवतात.

आता लंडनची गोष्ट. ती आपण बेने इस्राएलांनी तर मुद्दाम वाचायला हवी. जेएफएस नावाची तिथली ज्यू शाळा १७३२ सालापासूनची. इंग्लंडमध्ये धार्मिक शाळांना सरकारी पैसा मिळतो, त्यामुळे ही शाळा मोफत आणि चांगली, प्रवेशाला झुंबड. जागेपेक्षा अर्ज जास्त आले की आधी ज्यू मुलांना घ्यायचं, हा नियम. पण ज्यू कोण? मुख्य रब्बींच्या कार्यालयाला मान्य असेल तो. एका मुलाचे वडील जन्माने ज्यू, आईने धर्मांतर केलेलं, पण ते ऑर्थोडॉक्स पद्धतीने झालेलं नाही. म्हणून आई ज्यू नाही, म्हणून मुलगा ज्यू नाही, म्हणून प्रवेश नाही. घरात धर्म पाळला जातो की नाही, हा प्रश्न त्यात आलाच नाही. प्रकरण ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं. डिसेंबर २००९ मध्ये न्यायालयाने काठावरच्या बहुमताने सांगितलं, की आईच्या वंशावरून प्रवेश ठरवणं हा वांशिक भेदभाव आहे. त्यानंतर तिथल्या ज्यू शाळांनी वंशाऐवजी आचरण पाहायला सुरुवात केली. कुटुंब सिनेगॉगमध्ये येतं का, वगैरे.

हे वाचताना मला आपली १९६० च्या दशकातली माणसं आठवतात. इस्राएलला गेलेल्या बेने इस्राएलांना लग्न लावायच्या वेळी तिथल्या धर्मपीठाने पूर्वजांची चौकशी सुरू केली. तुमची आजी कोण, पणजी कोण, पूर्वी घटस्फोट रीतीप्रमाणे झाले होते का. आपल्या लोकांनी आंदोलनं केली, धरणी धरली. १९६४ मध्ये इस्राएलच्या संसदेने बेने इस्राएल हे सर्वार्थाने ज्यू आहेत असा ठराव केला. ज्यांच्या आजी-आजोबांना कागद दाखवा म्हणून उभं केलं गेलं, त्यांनी आपल्या मुलांसाठी शाळा मागताना हा पहिला प्रश्न स्वतःला विचारायला नको? उद्या आपली शाळा झालीच, तर तिच्या दारात कोण बसणार, आणि तो कोणाची आजी तपासणार? आपल्यात मिश्र लग्नं किती आहेत ते आपल्याला माहीत आहे. त्या घरांतल्या मुलांना आपण आत घेणार की नाही? याचं उत्तर तयार नसेल तर व्हिडिओ टाकणाऱ्यांनी जरा थांबावं.

आता आपल्याकडे या. कारण "आपण काहीच केलं नाही" हे वाक्य साफ चुकीचं आहे. आपण शाळा काढली होती. ती आजही आहे.

१८७५ मध्ये मुंबईत हाईम सॅम्युएल केहिमकर आणि त्यांच्या सोबत्यांनी इस्राएलाइट स्कूल सुरू केली. बेने इस्राएलांचा इतिहास लिहिणारे ते हेच केहिमकर. त्या काळी आपल्या मुलांना शिक्षण मिशनऱ्यांच्या शाळांत मिळत होतं. ते उपकार नाकारायचे कारण नाही. स्कॉटिश मिशनचे जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये हिब्रूचं व्याकरण मराठीतून छापलं, ही लहान गोष्ट नव्हे. आपल्या अनेक घरांत हिब्रूचं अक्षर त्या वाटेने आलं. पण त्या शाळेत बायबलचा नवा करारही शिकवला जायचा, आणि हेतू काय होता ते उघडच होतं. केहिमकरांनी मुलांना शाळेतून काढून घरी बसवलं नाही. इंग्रजी शिकता येईल, नोकरी-धंद्याला उपयोगी पडेल, आणि हिब्रूही आपल्या माणसाकडून शिकता येईल, अशी शाळा काढली. पुढे सर एली कदूरी या बगदादी ज्यू उद्योगपतींच्या देणगीमुळे तिला त्यांचं नाव मिळालं. माझगावची सर एली कदूरी शाळा ती हीच. रिबेका रूबेन १९२२ पासून जवळजवळ तीन दशकं तिच्या मुख्याध्यापिका होत्या. एक बेने इस्राएल बाई त्या काळात मुंबईतली हायस्कूल चालवत होती, हे आपल्या मुलींना सांगायला आपण विसरतो.

आज त्या शाळेत ज्यू मुलं जवळजवळ नाहीत. आपली माणसं १९४८ नंतर हळूहळू इस्राएलला गेली, उरलेली माझगाव-भायखळा सोडून ठाण्याकडे आली. शाळेच्या आजूबाजूला जी वस्ती राहिली, तिची मुलं तिथे शिकतात. त्यांतली बहुतेक मुस्लिम घरांतली. कोलकात्याला १८८१ मध्ये सुरू झालेली ज्युइश गर्ल्स स्कूल आहे, तिथेही तेच. ज्यू नावाची शाळा, बहुसंख्य मुस्लिम मुली. हे फक्त भारतात होतं असंही नाही. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमच्या किंग डेव्हिड शाळेतही अर्ध्याहून जास्त मुलं मुस्लिम झाली. तरी शाळेने आपलं हिब्रू आणि ज्यू सण सोडले नाहीत, आणि मुस्लिम पालकांनीही आपली मुलं हौसेने तिथे घातली. शाळा चांगली आहे, शिस्त आहे, धर्माची चेष्टा होत नाही, एवढं त्यांना पुरलं.

काही लोक याकडे "गमावलं" म्हणून पाहतात. मी तसं पाहत नाही. दीडशे वर्षांपूर्वी काढलेली शाळा आजही गरिबाघरच्या मुलांना शिकवते, हे केहिमकरांच्या कामाचं फळच आहे. गमावलेली गोष्ट वेगळी आहे. त्या इमारतीतून आपल्या मुलांना हिब्रू वाचायला शिकवणारा माणूस गेला, आणि त्याच्या जागी आपण कुणाला आणलं नाही.

आता साधा हिशेब करू. भारतात आपण सगळे मिळून पाच हजारांच्या आत. बहुतेक महाराष्ट्रात, आणि त्यात म्हातारी माणसं जास्त. पहिलीत जाण्याच्या वयाची मुलं उदारपणे पन्नास धरली तरी ती ठाणे, मुंबई, कल्याण, पनवेल, पुणे, अलिबाग अशी पसरलेली. एकट्या ठाण्यात एका वर्गाला किती येतील? दहा आली तरी खूप. दहा मुलांच्या वर्गावर दहावीपर्यंतची शाळा चालत नाही. शिक्षकांचे पगार निघत नाहीत, प्रयोगशाळा निघत नाही, क्रिकेटची टीमसुद्धा होत नाही. म्हणजे शाळा काढली तरी तिच्यात बाहेरची मुलं घ्यावीच लागतील, आणि वीस वर्षांत तिचं माझगाव होईल. त्यात वाईट काही नाही, पण मग "आपल्या मुलांसाठी" हा मूळ हेतू कुठे राहिला?

कायद्याची बाजू आपल्या विरुद्ध नाही, हेही सांगायला हवं. राज्यघटनेच्या कलम ३० प्रमाणे अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था काढण्याचा आणि चालवण्याचा हक्क आहे. महाराष्ट्र सरकारने २०१६ मध्ये ज्यू समाजाला अल्पसंख्याक दर्जा दिला. म्हणजे हक्क आहे, कागद आहे. मुलं नाहीत.

दुसऱ्या बाजूचं म्हणणं मी नीट ऐकलंय, आणि ते कमकुवत नाही. ज्यू शाळेत मूल एकटं पडत नाही. आपल्या मुलांना आज वर्गात विचारतात, "ज्यू म्हणजे काय? ख्रिश्चन का?" आणि सहा वर्षांच्या पोराला उत्तर देता येत नाही. हल्ली बातम्या पाहून तर आणखी वेगळे प्रश्न येतात, जणू गाझातल्या युद्धाचा निर्णय आमच्या पोरानेच घेतला. ज्यू शाळेत शनिवारची सुट्टी मागावी लागत नाही. योम किप्पूर आणि सहामाही परीक्षा एका दिवशी आली की काय करायचं, हा पेच पडत नाही. हिब्रू पाचव्या वर्षी जितकी सहज येते तितकी पंचविसाव्या वर्षी येत नाही. मोठेपणी मित्र, लग्न, सगळं त्यातून जुळतं. हे सगळं मला मान्य आहे. ज्यांना अशी शाळा मिळते त्यांना बरंच काही आयतं मिळतं.

पण काय मिळत नाही, तेही बघा. शाळा मुलाला प्रार्थना म्हणायला लावू शकते, शुक्रवारी संध्याकाळी घरी दिवा लावू शकत नाही. लंडन-न्यूयॉर्कच्या पालकांचीही हीच कुरकुर असते, की मुलगा शाळेत सगळं शिकतो आणि घरी येऊन विचारतो, "आपण हे का करत नाही?" तेव्हा आई-बापांकडे उत्तर नसतं. मग मूल शिकतं, की हे फक्त परीक्षेसाठी असतं.

आणि आपल्या समाजाचा इतिहास तर याच्या अगदी उलट टोकाचा आहे. नवगावच्या किनाऱ्यावर फुटलेल्या गलबताची गोष्ट आपण सगळे सांगतो. त्यानंतर किती शतकं कोकणात आपल्याकडे शाळा नव्हती, रब्बी नव्हता, हिब्रू पुस्तक नव्हतं. तरी घाणा शनिवारी बंद राहायचा. गावाने आपलं नावच शनवार तेली ठेवलं. सुंता आठव्या दिवशी व्हायची, शेमा म्हटला जायचा. सणांची हिब्रू नावं विसरली गेली, तर आजी-पणज्यांनी मराठी नावं ठेवली. रोश हशाना म्हणजे नव्याचा सण. योम किप्पूर म्हणजे दारफाळणीचा सण, दारं लावून घरात बसायचा. तिशा बाव म्हणजे बिरड्याचा सण. कुठल्या शाळेने शिकवलं हे? घराने शिकवलं.

मग घराला काय जमलं नाही? वाचणं. सणांमागची कथा, प्रार्थनेचा अर्थ, पंचांग, जगातल्या बाकीच्या ज्यूंशी नातं, हे घराला एकट्याने जमलं नाही. ते शिकवायला माणसं यावी लागली. कोचीनचे ज्यू शिक्षक आले, त्यांनी गावोगाव आपल्या मुलांना वाचायला शिकवलं, हझान झाले. त्यांच्यामागे शाळा नव्हती, इमारत नव्हती. कुणाच्या तरी ओटीवर बसून शिकवलं असणार. मिशनऱ्यांचं व्याकरण आणि केहिमकरांची शाळा त्यानंतरची.

म्हणून माझं म्हणणं असं. रोज पाळण्याचं काम घराचं आहे, ते कुठल्याही शाळेकडे सोपवता येत नाही. वाचायला शिकवण्याचं काम शिक्षकाचं आहे, ते घराला जमत नाही. आणि गणित, विज्ञान, मराठी, इंग्रजी शिकवायला ठाण्यात पुरेशा शाळा आहेत. ही तीन कामं वेगळी ठेवली तर निवड सोपी होते.

नेहमीची शाळा निवडताना ती चांगली शाळा आहे का हे बघा. घराजवळ आहे का, शिक्षक टिकतात का, फी पाचवीनंतरही झेपेल का. आणि आपल्यासाठी म्हणून चार प्रश्न जास्तीचे विचारा. मुलाखतीच्या वेळीच विचारा, प्रवेश झाल्यावर नव्हे.

१. शनिवारी शाळा असते का? असली तर किती शनिवार, आणि परीक्षा, स्नेहसंमेलन, क्रीडादिन शनिवारीच ठेवतात का?

२. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये नव्याचा सण, दारफाळणी आणि सुक्कोथ येतात, तेव्हाच सहामाही असते. मार्च-एप्रिलमध्ये पेसाख, तेव्हा वार्षिक. तारखा वर्षभर आधी लेखी दिल्या तर पेपर वेगळ्या दिवशी घेतील का? आपली पंचांगाची तारीख बदलती असते, हे शाळेला कुणी सांगितलेलंच नसतं. सांगितलं की बऱ्याच मुख्याध्यापिका ऐकतात.

३. प्रार्थना कुठली, आणि आपलं मूल त्या वेळी गप्प उभं राहिलं तर चालेल का? घटनेच्या कलम २८ प्रमाणे मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळा पालकांच्या संमतीशिवाय मुलाला धार्मिक शिक्षणात किंवा उपासनेत भाग घ्यायला लावू शकत नाही. हे भांडायला नव्हे, माहीत असायला हवं म्हणून सांगते. कॉन्व्हेंटला लागू आहे तसंच बाकीच्यांनाही.

४. डबा. शाळेतच जेवण सक्तीचं आहे का? पेसाखच्या आठवड्यात डब्यात पाव-पोळी नसणार, हे बाईंना सांगितलं तर त्या वर्गाला दोन वाक्यांत समजावून सांगतील का, की आपल्याच मुलाला बाजूला बसवतील? या एका प्रश्नाच्या उत्तरावरून शाळा कळते.

जी मंडळी इस्राएलला जाणार आहेत, त्यांना तर खरोखरची निवड करायची आहे, आणि ती बहुतेक जण नातेवाईक सांगतील तशी करतात. तिथे १९५३ च्या कायद्यापासून सरकारी शाळांचे दोन मुख्य ज्यू प्रवाह आहेत. सर्वसाधारण सरकारी आणि सरकारी-धार्मिक. त्याशिवाय अतिकर्मठांच्या वेगळ्या शाळा. सर्वसाधारण शाळेतही तनाख शिकवतात, सण आपोआप सुट्टीचे असतात, भाषा हिब्रूच. सरकारी-धार्मिक शाळेत रोजची प्रार्थना, धर्माचे तास जास्त, पोशाखाचे नियम. इथे पाच मिनिटांत केलेली निवड मुलाचे मित्र, मुलीची पुढची लष्करी किंवा राष्ट्रीय सेवा, लग्न, सगळ्यावर सावली टाकते. तेव्हा आपण घरी जेवढं पाळतो त्याच्या जवळची शाळा निवडा. "तिथे गेल्यावर पाळू" या भरवशावर मुलाला धार्मिक शाळेत घालू नका, आणि घरी कोशर काटेकोर असेल तर शेजारी सांगतो म्हणून सर्वसाधारण शाळेतही घालू नका. आणि घरी मराठी बोला. लोद, अश्दोद, दिमोनाला गेलेल्या आपल्या माणसांनी तिथे 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिक काढलं, ते उगीच नाही.

इथे राहणाऱ्यांसाठी आता पैशाची गोष्ट. वीस घरांनी महिन्याला हजार रुपये काढले तर वीस हजार होतात. तेवढ्यात आठवड्यातून दोन संध्याकाळी आणि रविवारी सकाळी शिकवणारा एक शिक्षक ठेवता येतो. फुकटात शिकवणारे स्वयंसेवक आपण खूप पाहिले. चार महिने येतात, मग नोकरी, लग्न, आजारपण. त्यांचा दोष नाही. पगार दिला की वेळापत्रक येतं, रजा सांगून घेतली जाते, आणि "माझा मुलगा अजून अडखळतो" अशी तक्रार करायचा हक्कही आपल्याला येतो. हिब्रूची अक्षरं बावीस. देवनागरी शिकलेल्या मुलाला ती जड नाहीत. एका वर्षात मूल सिद्दूर वाचू लागेल, दुसऱ्या वर्षात अर्थ विचारू लागेल. मिश्र लग्नाच्या घरातलं मूल आलं तर त्याला पहिल्या रांगेत बसवायचं, हा नियम मात्र सुरुवातीलाच लिहून ठेवायचा. आणि शेजारचा मित्र कुतूहलाने आला तर त्यालाही बसू द्यायचं. माझगावच्या शाळेने आपल्याला तेवढं तरी शिकवलंय.

हे डे स्कूलइतकं दिमाखदार दिसणार नाही. व्हिडिओ काढावा असं त्यात काही नसेल. सतरंजी, फळा, आठ-दहा पोरं, त्यांतली दोन जांभया देणारी. पण पाच वर्षांनी बार मित्झ्वाला मुलगा इंग्रजी अक्षरांत लिहिलेला कागद न धरता तोरा वाचेल, आणि मुलगीही वाचायला उभी राहील. सहामाहीत तिला गणितात कमी मार्क पडले तर ते तिच्या आळसामुळे पडतील, परीक्षा दारफाळणीला आल्यामुळे नाही.

पटत नसेल तर खाली लिहा, मी उत्तर देईन. पटत असेल तर नुसतं बदाम टाकून जाऊ नका. नव्याच्या सणाआधी वर्ग सुरू करायचा तर आत्ताच बोलायला हवं. माझे महिन्याचे हजार रुपये धरून चाला. आणखी एकोणीस घरं हवी आहेत.